‘उपलब्ध’ म्हणजे किती? विजेच्या हिशेबातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

कोराडी किंवा खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रातला एखादा संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक) ‘बंद’ असल्याची बातमी नागपूरकरांना नवी नाही. ट्यूब लीकेज, म्हणजे बॉयलरची नळी गळत असेल तर बॉयलर थंड व्हायची वाट बघायची, आत माणसं उतरवायची, वेल्डिंग, मग पाण्याच्या दाबाची चाचणी. संच पुन्हा ग्रिडला जोडेपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. पावसाळ्यात ओल्या कोळशाने बंकर, म्हणजे बॉयलरला कोळसा पुरवणारी टाकी, चोक झाला तर संच चालूच राहतो, फक्त २१० मेगावॅटचा दीडशेवर येतो. वर सळई घेऊन कोळसा ढोसणारी माणसं घामाने भिजलेली असतात. आणि मागणीच नाही म्हणून थांबवलेल्या संचात तर बिघाडच नसतो. तिन्ही वेळा वीज कमी निघते, पण हिशेबात ही तीन वेगळी खाती आहेत.

‘उपलब्धता’ हा शब्द विश्वासार्हतेच्या शास्त्रातला. ते मुळात लष्करी उपकरणांतल्या सतत जळणाऱ्या व्हॅक्यूम ट्यूबांमुळे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) वाढलं. अमेरिकेत १९५२ साली त्यासाठी सल्लागार गट नेमला गेला, १९५७ मध्ये त्याचा अहवाल आला. यंत्र किती वेळ न बिघडता चालतं ही विश्वासार्हता. बिघडल्यावर किती लवकर उभं राहतं, हे धरून एकूण किती वेळ हाताशी असतं ती उपलब्धता. दर तासाला एकच सेकंद थांबणारं यंत्र ९९.९७ टक्के उपलब्ध ठरतं, पण त्याच्यावर कुणी भरवसा ठेवणार नाही.

आपल्याकडे खरा गुंता पैशातून झाला. १९९२ च्या दरनियमांत औष्णिक केंद्राचा पूर्ण स्थिर खर्च (वीज निघो न निघो, होणारा) ६८.४९ टक्के भारांकाला वसूल होई. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांपैकी ६,००० तास पूर्ण क्षमतेने चालल्याइतकी निर्मिती. त्यापुढे प्रोत्साहनाची रक्कम. मग रात्री मागणी उतरली तरी निर्मिती कमी करायला कोण तयार होणार? मागणीहून निर्मिती जास्त म्हणून ग्रिडची वारंवारता रात्री ५० हर्ट्झ या ठरलेल्या पातळीच्या वर चढे आणि संध्याकाळी मागणी वाढली की घसरे.

१ जुलै २००२ पासून केंद्रीय वीजकेंद्रांसाठी हे बदललं, आणि देशात सर्वांत आधी ग्रिडच्या आपल्या पश्चिम विभागात. स्थिर खर्च आता निर्मितीवर नव्हे, तर उपलब्धतेवर मिळू लागला. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग. प्रत्येक भागात किती वीज देऊ शकतो, ते केंद्राने आदल्या दिवशीच सांगायचं. ठरल्याहून कमी-जास्त झालं तर त्या वेळच्या वारंवारतेनुसार भुर्दंड बसे किंवा कमाई होई. वारंवारता खरोखर ताळ्यावर आली, हे या निर्णयाचे टीकाकारही नाकारत नाहीत. २००९ च्या नियमांनी पूर्ण स्थिर खर्चासाठी लागणारी उपलब्धतेची पातळी ८५ टक्के केली.

वाद उरला तो ‘देऊ शकतो’ या दोन शब्दांचा. स्वस्त इंधनखर्चाच्या केंद्राची वीज आधी घ्यायची असा क्रम असल्याने महागडा संच तयार असूनही उभा राहतो, आणि न घेतलेल्या विजेचा स्थिर खर्च वितरण कंपनीच्या माथी येतो. ग्राहकाला हे फुकट बसून पगार घेणं वाटतं. मला ते पूर्ण पटत नाही. मे महिन्यात अख्खं शहर एकदम कूलर लावतं, तेव्हा उभा असलेला संचच कामाला येतो. अग्निशमनाचा बंबही रोज आग विझवत नाही. (बिलातला ‘स्थिर आकार’ म्हणजे हाच खर्च असं मात्र नाही, त्यात तारा, रोहित्रं, कर्मचारी असं बरंच काही येतं.)

माझी तक्रार वेगळी आहे. पैसे उपलब्धतेला जोडले गेले आणि वीज किती वेळा खंडित होते, हे मागे पडलं. वितरणात खंड किती वेळा आणि किती वेळ, असे दोन निर्देशांक मोजतात खरे, पण काही मिनिटांच्या आतले झटके त्यांत धरले जात नाहीत. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचं एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं यंत्र) चालवणाऱ्याला विचारा. दोन मिनिटं वीज गेली की यंत्र थांबतं, आतला वितळलेला माल तिथेच अडकतो. वीज आल्यावर तापमान पुन्हा जुळवायचं, जळका माल बाहेर काढायचा, आणि पाइप परत सारख्या जाडीचा निघेपर्यंतचा सगळा भंगारात. त्यात दोन तास गेले तरी वीज गेली होती दोनच मिनिटं, आणि तीही या निर्देशांकांत धरली जात नाहीत.