प्रिंटरचं ‘फुल सॉफ्टवेअर’ की विंडोजचा आपला ड्रायव्हर?

नवा प्रिंटर आणला की लोक आधी कंपनीचं ‘फुल सॉफ्टवेअर’ टाकून घेतात. त्याशिवाय प्रिंट निघणारच नाही, असा समज पक्का बसलाय. पण ड्रायव्हर वेगळा आणि हे पॅकेज वेगळं. ड्रायव्हरचं काम एवढंच: पान प्रिंटरला कळेल अशा रूपात पोचवणं. पॅकेजमध्ये तो असतोच, शिवाय शाई विकत घ्यायची आठवण करणारी खिडकी, सतत अपडेट शोधणारा प्रोग्राम आणि खातं उघडायचा आग्रहही येतो.

आता बहुतेक नव्या वायफाय प्रिंटरना यातलं काहीच लागत नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट ही ड्रायव्हर न टाकता छापायची सोय आणली. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सने मिळून अशाच सोयीसाठी मोप्रिया ही संघटना काढली. दोन्हींच्या मुळाशी आयपीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे प्रिंटरशी बोलायची एक ठरलेली पद्धत आहे. कोणता कागद चालतो, रंगीत छपाई होते का, दोन्ही बाजूंनी होते का, हे प्रिंटर स्वतःच सांगतो आणि सिस्टीम ठरलेल्या स्वरूपात पान पाठवते. मॉडेलगणिक ड्रायव्हर नाही, त्यामुळे विंडोज बदललं तरी प्रिंटर सहसा चालू राहतो.

माझा कल स्पष्टपणे याच, म्हणजे विंडोजच्या आपल्या ड्रायव्हरच्या बाजूला आहे, आणि मुख्य कारण सुरक्षा. एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्सच्या अनेक प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये ‘एसएसपोर्ट डॉट सिस’ नावाची फाइल होती. साध्या युजरला संगणकाचा पूर्ण ताबा मिळू शकेल अशी त्रुटी तिच्यात २००५ पासून होती आणि ती उघडकीला आली २०२१ मध्ये! प्रिंटर जोडलेला असो-नसो, संगणक सुरू झाला की ती फाइल चालू व्हायची. विंडोजही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. त्याच वर्षी ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाच्या त्रुटीने त्याच्याच छपाई सेवेला गाठलं. पण तिथे दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून सगळ्यांपर्यंत पोचते. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद करत नेण्याचं जाहीर केलं, ते योग्यच झालं.

अपवाद मात्र मोठा आहे. झेरॉक्सच्या दुकानांतून वर्षानुवर्षं राबणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. तो यूएसबीवर चालतो, आयपीपी त्याला ठाऊक नाही, आणि पान रचायचं बरंचसं काम संगणकाकडून करून घेतो. त्याला कॅननचाच ड्रायव्हर हवा. अशा मशीनचा धोका हा, की नव्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर निघाला नाही तर धडधाकट प्रिंटर अडगळीत जातो. फोटो छापणाऱ्यांनाही रंगांच्या बारीक सेटिंगसाठी कंपनीचा ड्रायव्हर लागू शकतो.

म्हणून खरेदी करतानाच खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते बघा. प्रिंटर घरी आल्यावर विंडोजच्या सेटिंगमधून जोडा, एक पान छापा, स्कॅनरही तपासा. काही अडलं, तरच कंपनीच्या साइटवर जा, आणि तिथे नुसता ड्रायव्हर मिळत असेल तर तेवढाच घ्या.