फिट टेस्टरचे प्रशिक्षण निवडताना : रेस्पिरेटर वापरणाऱ्या कारखान्यांसाठी माहिती

धूळ, वेल्डिंगचा धूर किंवा औषधनिर्मितीतील भुकटी यांपासून बचावासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारे रेस्पिरेटर वापरले जातात, तेव्हा मास्क कितीही चांगल्या प्रतीचा असला तरी तो त्या विशिष्ट कामगाराच्या चेहऱ्यावर कडेने गळती न होता बसतो की नाही, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. या तपासणीला फिट टेस्ट म्हणतात. मास्क चढवल्यावर कामगार स्वतः दररोज जो सील चेक (कडा घट्ट बसल्या आहेत ना, याची झटपट पाहणी) करतो, तो आवश्यक असला तरी फिट टेस्टची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नियमानुसार ही चाचणी वर्षातून किमान एकदा, तसेच मास्कचा मेक, मॉडेल किंवा आकार बदलल्यास पुन्हा करावी लागते. परदेशी कंपन्यांशी संबंधित असलेल्या आपल्याकडच्या कारखान्यांतही याच पद्धतीचा आधार घेतला जातो. अशा कारखान्यांनी सेफ्टी विभागातील एक-दोन जणांना फिट टेस्टर म्हणून तयार करणे सोयीचे ठरते. मात्र त्यासाठी प्रशिक्षण पारखून घ्यावे.

प्रमाणपत्राकडे कसे पाहावे

एखाद्या जाहिरातीत ‘ओशामान्य फिट टेस्टर प्रमाणपत्र’ असे छापलेले आढळल्यास ते कोणत्या आधारावर लिहिले आहे, हे अवश्य विचारावे, कारण ओशा फिट टेस्टरना परवाना देत नाही. चाचणीचे द्रावण तयार करता येणे, साधने योग्य स्थितीत ठेवता येणे, चाचणी नीट घेता येणे आणि चुकीची झाल्याने ग्राह्य न धरण्याजोगी चाचणी ओळखता येणे, अशी क्षमता टेस्टरकडे असल्याची खात्री मालकाने करावी, अशी त्या नियमाची अपेक्षा आहे. ब्रिटनमध्ये ‘फिट टू फिट’ ही मान्यता योजना आहे. तीही सक्तीची नाही आणि तिच्यात केवळ वर्गाला हजर राहून मान्यता मिळत नाही, ज्ञानाची व प्रत्यक्ष कामाची परीक्षा द्यावी लागते. प्रक्रियेच्या दृष्टीने आयएसओ १६९७५-३ हे २०१७ चे आंतरराष्ट्रीय मानकही उपलब्ध आहे. अभ्यासक्रम यांपैकी कोणत्या पद्धतीवर बेतलेला आहे, हे प्रशिक्षकाला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो अभ्यासक्रम न घेतलेलाच बरा.

चवीची चाचणी

मास्क घातलेल्या कामगाराच्या डोक्यावर हूड घालून आत गोड सॅकरिन किंवा कडू बिट्रेक्सचा फवारा मारायचा आणि त्याला चव लागली तर मास्क गळतो असे समजायचे, ही पद्धत स्वस्त आहे आणि म्हणूनच सर्वाधिक वापरली जाते. ती दिसायला सोपी असली तरी चुकीच्या पद्धतीने केल्यास सगळेच उत्तीर्ण होतात, हा तिच्यातील खरा धोका आहे. नेब्युलायझरचे (फवारा मारणाऱ्या उपकरणाचे) छिद्र साखळून बंद झाले तर चव कोणालाच लागत नाही आणि गळका मास्कही पास ठरतो. म्हणून नेब्युलायझर सकाळी व दुपारी, म्हणजे निदान दर चार तासांनी, धुऊन पुन्हा भरावा लागतो. सॅकरिनच्या बाबतीत चाचणीचे द्रावण, कामगाराला ती चव मुळात कळते का हे मास्क न घालता आधी तपासण्याच्या द्रावणापेक्षा सुमारे १०० पट तीव्र असते, त्यामुळे दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर निकालाला काहीच अर्थ उरत नाही. या आधीच्या तपासणीत ३० वेळा फवारूनही ज्याला चव कळत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत वापरता येत नाही. चाचणीपूर्वी १५ मिनिटे साध्या पाण्याखेरीज काही खाऊ-पिऊ नये. आपल्याकडे तंबाखू व गुटख्याबद्दल हे वेगळे आणि स्पष्ट सांगावेच लागते. चाचणी चालू असताना कामगाराला काही हालचाली व बोलणे करायचे असते; त्यातील बोलण्याच्या व्यायामासाठी इंग्रजी उतारा वाचलाच पाहिजे असे नाही, १०० पासून उलटे अंक मोजले किंवा पाठ असलेला एखादा अभंग म्हटला तरी चालतो. असे बारकावे न शिकवता नुसती चित्रफीत दाखवणारा वर्ग उपयोगाचा नाही.

यंत्राची चाचणी आणि फुल फेस मास्क

चवीची पद्धत डिस्पोजेबल व हाफ मास्कपुरतीच (फक्त नाक-तोंड झाकणाऱ्या) योग्य आहे. डोळ्यांसह पूर्ण चेहरा झाकणाऱ्या फुल फेस मास्कला पूर्ण संरक्षण गृहीत धरायचे असल्यास यंत्राने फिट फॅक्टर (मास्कबाहेरचे कणांचे प्रमाण आतल्याच्या किती पट आहे, तो आकडा) मोजावा लागतो : ओशाच्या नियमात तो किमान ५००, तर ब्रिटनच्या मार्गदर्शनात २००० असावा लागतो. आपल्याकडे फुल फेस मास्क असतील, तर चवीच्या चाचणीपुरता अभ्यासक्रम घेऊन पैसे वाया घालवू नयेत.

प्रत्यक्ष सराव किती

आमच्या मते, नापास चाचणी हाताळता येणे हीच टेस्टरची कसोटी आहे. पट्टा ढिला आहे, नाकावरची पट्टी नीट दाबलेली नाही, आकार चुकला आहे की दाढीचे खुंट सीलखाली आले आहेत, हे शोधून दुसरा मास्क सुचवता आला पाहिजे. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थी स्वतः किती जणांची चाचणी घेणार, त्यांत मुद्दाम चुकीचा बसवलेला मास्क असणार का आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा कोण घेणार, हे आधी विचारावे. आम्ही मास्क विकतो, त्यामुळे एकाच कंपनीचे मास्क घेऊन शिकवणाऱ्या वर्गाबद्दल, तो आमचा असला तरी, आपण शंका घ्यावी. प्रशिक्षणाला जाताना आपल्या कारखान्यात वापरात असलेले मास्क, त्यांचे उपलब्ध सर्व आकार आणि कामाच्या वेळी त्यांच्यासोबत घातले जाणारे हेल्मेट व चष्मे घेऊन जावेत, कारण चाचणी त्या संपूर्ण साजासह घ्यायची असते.