चाचणीचा कागद 72 तासांचा, विषाणूचं वेळापत्रक वेगळं

युरोपातल्या बहुतेक क्रूझना आता कोविडची लस किंवा चाचणी लागत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल कोविड प्रमाणपत्राचा (लस, निगेटिव्ह चाचणी किंवा बरं झाल्याचा दाखला) कायदा 30 जून 2023 रोजी संपला. तरी ते नियम समजून घेण्यासारखे आहेत. पुढची साथ आली की हेच तासांचे आणि दिवसांचे हिशेब थोड्याफार फरकाने परत येतील.

या कडक नियमांची सुरुवात झाली ती ‘डायमंड प्रिन्सेस’मुळे. फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाला अडकलेल्या या जहाजावरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना लागण झाली. जहाजावर 138 भारतीय होते, त्यातले 132 कर्मचारी. बाधितांपैकी जवळजवळ निम्म्यांना नमुना घेतला तेव्हा एकही लक्षण नव्हतं. नुसतं ‘ताप आहे का, खोकला आहे का’ विचारून काही साधणार नाही, हे तिथेच कळलं. म्हणून ऑगस्ट 2020 मध्ये ‘एमएससी ग्रँडिओसा’ हे जहाज इटलीतल्या जेनोआहून पुन्हा निघालं तेव्हा प्रत्येक प्रवाशाची टर्मिनलवरच अँटिजेन चाचणी झाली.

आता ही चाचणी नेमकं किती पकडते? समजा, 3,000 प्रवासी आहेत आणि त्यातले 15 बाधित आहेत. लक्षणं नसलेल्यांमध्ये अँटिजेन चाचणी 60 टक्के बाधितांना ओळखते आणि निरोगी माणसाला 99.5 टक्के वेळा बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते, असं धरू. मग 15 पैकी 9 सापडतात, 6 जहाजावर चढतात. उरलेल्या 2,985 निरोगी माणसांपैकी मात्र सुमारे 15 जण चुकून पॉझिटिव्ह येतात. एकूण 24 पॉझिटिव्ह, त्यातले निम्म्याहून जास्त खोटे! म्हणून अँटिजेन पॉझिटिव्ह आल्यावर लगेच घरी न पाठवता आधी पीसीआर करायची पद्धत पडली. आजार जितका विरळ, तितका पॉझिटिव्ह निकालावरचा भरवसा कमी.

या प्रमाणपत्रात पीसीआरचा निगेटिव्ह निकाल 72 तास चालायचा आणि अँटिजेनचा फक्त 24, याचं कारणही साधं आहे. पीसीआर विषाणूचा जनुकीय अंश वाढवत नेऊन शोधते, त्यामुळे अगदी थोडा विषाणूही तिला सापडतो. अँटिजेनला विषाणूचं भरपूर प्रथिन लागतं, म्हणजे लागण ऐन भरात असेल तरच ती बोलते. पण कालच लागण झालेल्याची पीसीआरही आज निगेटिव्ह येते. निकाल नमुना घेतला त्या घटकेपुरता असतो. उलट बाजूला, बरं झाल्यावरही पीसीआर काही आठवडे पॉझिटिव्ह येत राहू शकते. म्हणून बरं झाल्याचं वेगळं प्रमाणपत्र होतं. ते पहिल्या पॉझिटिव्ह पीसीआरनंतर 11 व्या दिवसापासून 180 व्या दिवसापर्यंत चालायचं.

तास मोजायचे ते नमुना घेतल्यापासून; अहवाल हातात आला तेव्हापासून नव्हे. भारतीयांचा घोळ व्हायचा तो दुसऱ्याच ठिकाणी. कोविनच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीला फक्त जन्मवर्ष असायचं. परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारखेची सोय सप्टेंबर 2021 नंतर आली. शिवाय कोविशील्ड आणि युरोपात चालणारी अ‍ॅस्ट्राझेनेकाची व्हॅक्सझेव्हरिया यांचं सूत्र एकच असलं तरी युरोपीय औषध संस्थेची मंजुरी ठरावीक कारखान्यांत बनलेल्या मालालाच असते. त्यामुळे कोविशील्डला प्रत्येक देशाने वेगळी मान्यता दिली. लसीचं प्रमाणपत्र शेवटच्या डोसनंतर 14 दिवसांनी लागू व्हायचं, कारण प्रतिपिंडं तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. फेब्रुवारी 2022 पासून प्रौढांच्या मूळ डोसना 270 दिवसांची मर्यादा आली.

आजच्या क्रूझवरचा खरा डोकेदुखीचा पाहुणा नोरोव्हायरस आहे, आणि त्याला ना बाजारात लस, ना चढताना चाचणी. चाचणी केली तरी उपयोग थोडा: लागण झाल्यावर 12 ते 48 तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, तर बरं झाल्यावरही विषाणू आठवडाभर किंवा त्याहून जास्त शौचातून बाहेर पडत राहतो. शंभरापेक्षा कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. त्याच्यावर चरबीचं आवरण नसतं, म्हणून बुफेच्या दाराशी ठेवलेलं अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यापुढे फिकं पडतं. साबणाने 20 सेकंद हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुणं हाच उपाय. उलटी पुसायला क्लोरीनचं द्रावण लागतं. चढताना भरून घेतात त्या प्रश्नावलीत जुलाब लपवू नका. सहल बुडेल या भीतीने लोक लपवतात आणि साथ तिथूनच पसरते. जहाजावर त्रास झाला तर वैद्यकीय केंद्राला केबिनमधूनच फोन करावा आणि लक्षणं थांबल्यावर 48 तास केबिनमध्ये राहावं.

लस घ्यायचीच तर गोवराची आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात 2024 मध्ये गोवराचे 1,27,350 रुग्ण नोंदले गेले, 1997 नंतरचा उच्चांक. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दुसरा डोस 2010 मध्ये आला, त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या अनेकांचा एकच डोस झालेला असतो. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर हवं, म्हणून निघण्यापूर्वी दोन महिने डॉक्टरांकडे जा. जिवंत विषाणूची लस असल्याने गरोदर स्त्रियांना ती चालत नाही. फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्यावी. जहाजावर उत्तर-दक्षिण गोलार्धांतले प्रवासी आणि कर्मचारी एकत्र येतात, त्यामुळे फ्लूला हंगाम बघावा लागत नाही. क्रूझ सेनेगलसारख्या पीतज्वराच्या देशात थांबत असेल तर सरकारमान्य केंद्रातून पीतज्वराची लस घ्यावी. तिचं प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होऊन आयुष्यभर चालतं.

एक आजार परतल्यावर उघडा पडतो: लीजनेला जिवाणूचा न्यूमोनिया. गरम पाण्याच्या टबातून किंवा शॉवरच्या तुषारांतून तो फुफ्फुसात शिरतो. लक्षणं 2 ते 10 दिवसांनी, क्वचित आणखी उशिरा दिसतात. पन्नाशीपुढचे आणि धूम्रपान करणारे याला जास्त बळी पडतात. अमॉक्सिसिलिनने हा बरा होत नाही. अझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लागतं. लघवीची झटपट चाचणी एकाच मुख्य प्रकाराला ओळखते, म्हणून ती निगेटिव्ह आली तरी संशय असल्यास थुंकीची पीसीआर करायला सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ‘दोन आठवड्यांपूर्वी क्रूझवर होतो’ हे वाक्य आपणहून सांगावं.