लास व्हेगासमधील पाणीदर व अपव्ययनियंत्रण

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील मोहावी वाळवंटात वसलेल्या लास व्हेगासमध्ये वर्षाला जेमतेम १० सेंटिमीटर पाऊस पडतो. शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे असून ते लेक मीड जलाशयातून उचलले जाते. नदीतील नेवाडाचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट, म्हणजे साधारण १३ टीएमसी. त्याची तरतूद १९२८च्या कायद्यातली आहे, तेव्हा व्हेगास हे रेल्वेमार्गावरचे लहानसे गाव होते. जलाशय खालावल्यामुळे २०२२पासून या वाट्यातही कपात लागू झाली.

इथली सगळी दररचना एका हिशेबावर उभी आहे. न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर यांतले सांडपाणी शुद्ध करून लास व्हेगास वॉश या प्रवाहातून लेक मीडमध्ये सोडले जाते, आणि जेवढे परत गेले तेवढे वाट्याव्यतिरिक्त पुन्हा उचलता येते. त्यामुळे हॉटेलातल्या शॉवरने वाटा फारसा घटत नाही. अंगणातल्या हिरवळीवर फवारलेले पाणी मात्र उडून जाते, ते कायमचेच. पाहुण्यांना हे उलटे वाटते, पण नियमांचा रोख घराबाहेरच्या वापरावर आहे तो याचमुळे.

छोट्या घरगुती मीटरला दर टप्प्याटप्प्याने चढतो : महिन्याचे पहिले ५ हजार गॅलन (सुमारे १९ हजार लिटर) सर्वांत स्वस्त, पुढचे टप्पे १० व २० हजार गॅलनांवर बदलतात. बड्या बंगल्यांना एवढ्याने फरक पडेना. म्हणून १ जानेवारी २०२३ पासून ‘अतिवापर आकार’ आला. मर्यादेवरच्या दर हजार गॅलनला ९ डॉलर, तेही नेहमीच्या दराच्या वर. घरांसाठी मर्यादा ऋतूनुसार ठरली : नोव्हेंबर ते फेब्रुवारी १४ हजार गॅलन, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर १९ हजार, मे ते ऑगस्ट २८ हजार.

हिवाळ्यात हिरवळीला आठवड्यातून एकच दिवस, वसंतात व शरदात तीन दिवस पाणी देता येते. उन्हाळ्यात रविवार सोडून रोज चालते, पण सकाळी ११ ते संध्याकाळी ७ फवारे बंद. अपव्यय आढळला की आधी ताकीद, मग दंड. आणि पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याचा दंड दुप्पट होत जातो. पदपथावर वाहून जाणारे पाणी हा तपासनिसांना सहज दिसणारा पुरावा. ते वाहते याचे कारण बहुधा जमीन घट्ट असते आणि फवारा एकदम बारा मिनिटे चालतो. तेवढेच पाणी तासाच्या अंतराने चार-चार मिनिटांच्या तीन फेऱ्यांत दिले तर मुरते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सप्टेंबर उलटला तरी टायमर उन्हाळ्याच्याच वेळापत्रकावर राहणे.

हिरवळीच्या दर चौरस फुटामागे वर्षाला सुमारे ७३ गॅलन पाणी लागते. ती काढून ठिबकवरची वाळवंटी झाडे लावली की ५५ गॅलन वाचतात. अशा बदलासाठी अनुदान मिळते. २०२१च्या राज्य कायद्यानुसार रस्तादुभाजक, कार्यालयांची आवारे अशा ठिकाणच्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला २०२६ संपल्यावर कोलोरॅडोचे पाणी देता येणार नाही. खाजगी घरांची हिरवळ त्यातून वगळली आहे.

बिल अचानक चढले तर घरातले व बागेतले सगळे नळ, बर्फयंत्रासकट, बंद करून मीटरवरची छोटी चकती पाहावी. ती फिरत असेल तर गळती आहे. घराची मुख्य चावी बंद केल्यावर थांबली तर गळती घरात, नाहीतर बागेच्या नळीत किंवा मीटरपासून घरापर्यंतच्या जोडणीत. (बागेच्या नळीचा फाटा चावीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला, निघालेला असतो, हे गृहीत धरून.) फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटांनी भांड्यात उतरला का ते बघितले की झिजलेला रबरी पडदा सापडतो. ठिबकची तुटलेली तोटी मात्र खडीखाली लपते आणि महिनोन्‌महिने कळत नाही.

हिरवळ काढताना झाडे विसरली जातात. त्यांची मुळे फवाऱ्यांच्या पाण्यावरच पोसलेली असल्याने फवारे काढण्याआधी बुंध्याभोवती, फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत, वेगळे ठिबक टाकावे लागते. एरवी दोन-तीन उन्हाळ्यांत मोठे झाडही शेंड्याकडून वाळत येते.