नव्व्याण्णव टक्के जिंकलेला डाव कसा हरतो?

११ ऑक्टोबर २०२३. जपानमधल्या क्योतो शहरात शोगीच्या ओझा किताबाच्या लढतीचा चौथा डाव सुरू होता. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. एका बाजूला किताब राखायला बसलेला नागासे ताकुया, वय ३१, सलग पाचव्यांदा ओझा होण्याच्या प्रयत्नात. समोर २१ वर्षांचा फुजीई सोता, ज्याच्याकडे शोगीच्या आठ प्रमुख किताबांपैकी सात आधीच होते. लढतीत फुजीई २-१ ने पुढे होता. संध्याकाळ सरली तेव्हा थेट प्रक्षेपणाच्या पडद्यावर संगणकाचा आकडा नागासेच्या बाजूने ९९ टक्क्यांच्या आसपास होता. नऊच्या सुमारास डाव संपला, १३८ चालींत, आणि जिंकला फुजीई. आठही किताब एकाच वेळी एकाच माणसाकडे असण्याची ही पहिलीच वेळ. १९९६ मध्ये हाबू योशिहारूने सर्व सात किताब जिंकले होते, पण तेव्हा प्रमुख किताबच सात होते.

या डावाबद्दल तेव्हापासून दोन प्रतिक्रिया सारख्या ऐकू येतात. पहिली, "म्हणजे कॉम्प्युटर चुकला." दुसरी, "नागासेने हातातला डाव घालवला." मला दोन्ही पटत नाहीत. संगणक चुकला नव्हता. आणि 'हातातला डाव' हे शब्द आपण त्या ९९ च्या आकड्याकडे बघून वापरतो. तो आकडा कुठून येतो आणि येताना काय मागे टाकून येतो, हे कळलं की हाच डाव वेगळा दिसू लागतो.

नियम थोडक्यात. पट ९ बाय ९, म्हणजे ८१ घरं. प्रत्येकाकडे २० मोहरे, सगळे एकाच रंगाचे. मोहऱ्याचं टोक ज्या दिशेला, त्यावरून तो कोणाचा हे कळतं. राजा, हत्ती, उंट, घोडे, प्यादी हे आपल्याला ओळखीचे वाटावेत असे. त्यांच्यासोबत राजाभोवती सुवर्ण-सरदार आणि रजत-सरदार. यातला रजत-सरदार मला फार आवडतो. तो एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर जातो. अल्-बिरुनीने अकराव्या शतकात भारतातल्या बुद्धिबळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यातला हत्ती नेमका असाच चालतो. आपल्याकडून नाहीशी झालेली चाल जपानमध्ये आजही रोज खेळली जाते.

शोगीचा खरा वेगळेपणा मात्र दुसरीकडे आहे. मारलेला मोहरा आपल्या हातात येतो आणि पुढे आपल्या पाळीला, चालीऐवजी, तो जवळपास कुठल्याही रिकाम्या घरात आपला म्हणून ठेवता येतो. त्यामुळे पट कधी रिकामा होत नाही. बुद्धिबळात शेवटाकडे मोहरे कमी होत जातात आणि हिशोब सोपा होतो. शोगीत शेवटाकडे दोघांच्या हातात मोहरे साठतात आणि हिशोब भडकतो. बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी ३५ च्या आसपास कायदेशीर चाली असतात, शोगीत सुमारे ८०. शक्य असलेली सर्वांत दाट स्थिती घेतली तर तो आकडा ५९३ पर्यंत जातो.

आता यंत्राकडे. शोगीच्या प्रोग्रॅममध्ये दोन भाग असतात. एक स्थितीला गुण देतो, दुसरा पुढच्या चालींचं झाड धुंडाळतो.

गुण देण्याचं काम पूर्वी माणसं हाताने बसवत. हत्तीला इतके, उंटाला इतके, राजाजवळ सुवर्ण असेल तर वर थोडे. २००५ च्या सुमारास होकी कुनिहितो या रसायनशास्त्रज्ञाने हा प्रकार उलटा केला. व्यावसायिक खेळाडूंचे नोंदवलेले डाव प्रोग्रॅमला दिले आणि गुण असे बसवायला लावले की त्या खेळाडूंनी निवडलेली चाल हिशोबात वर येईल. त्याचा 'बोनान्झा' २००६ मध्ये संगणक-शोगीची जागतिक स्पर्धा जिंकला. यातली कल्पना फार सुंदर आहे. मोल फक्त एकट्या मोहऱ्याला नाही. राजा इथे, हा मोहरा तिथे, तो मोहरा पलीकडे, अशा तिघांच्या परस्परसंबंधालाही मोल. राजाला खेटून उभं असलेलं साधं प्यादं दूर कोपऱ्यातल्या हत्तीपेक्षा महत्त्वाचं ठरू शकतं, आणि हे कोणी सांगितलं नव्हतं, प्रोग्रॅम डाव बघून शिकला.

पुढची उडी २०१८ ची, नासु यू यांची. गुण देण्यासाठी त्यांनी न्यूरल नेटवर्क वापरलं, म्हणजे एकापुढे एक लावलेले आकडेमोडीचे थर. आता थोडं गणित येतं, पण ते चुकवण्यासारखं नाही. राजा ८१ पैकी कुठल्या तरी घरात असतो. दुसऱ्या कुठल्याही मोहऱ्याची अवस्था, म्हणजे कोणता मोहरा, कोणाचा, कुठल्या घरात किंवा हातात, अशा १,५४८ प्रकारांत मोजली जाते. राजाची जागा आणि त्या मोहऱ्याची अवस्था यांच्या जोड्या झाल्या ८१ गुणिले १,५४८, म्हणजे १,२५,३८८. हे त्या न्यूरल नेटवर्कचे स्विच समजा. एका राजाच्या बाजूने पाहिलं तर कुठल्याही क्षणी यातले फक्त ३८ चालू असतात, कारण एकूण मोहरे ४० आणि त्यातले दोन राजे. प्रत्येक स्विचमागे २५६ आकड्यांची एक रांग. चालू असलेल्या ३८ रांगांची बेरीज केली की पहिल्या थराचं उत्तर तयार.

खरी करामत पुढे आहे. एक साधी चाल झाली तर किती स्विच बदलतात? एक बंद होतो, एक चालू होतो. काही मारलं असेल तर दोन बंद, दोन चालू. बाकीचे ३६-३७ जसेच्या तसे. मग सगळी बेरीज पुन्हा कशाला करायची? जुन्या बेरजेतून एक रांग वजा करा, एक मिळवा, झालं. राजा स्वतः हलला तरच त्याच्या बाजूची बेरीज मुळापासून करावी लागते. यामुळे नेटवर्कचा सर्वांत अवजड थर जवळजवळ फुकटात पडतो. पुढचे थर चिमुकले आहेत, दोन्ही राजांकडून आलेले ५१२ आकडे, मग ३२, मग ३२, मग एक. त्यासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. घरातल्या साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर सेकंदाला लाखो स्थितींना गुण देतो. २०२० मध्ये हीच पद्धत 'स्टॉकफिश' या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमने घेतली आणि तो एकदम वर उसळला. आज बुद्धिबळपटू ज्याच्यावर डाव तपासतात, त्याच्या पोटात शोगीतून आलेलं हे तंत्र आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या बुद्धिबळप्रेमींना फारशी माहीत नाही याची मला खंत वाटते.

दुसरा भाग, झाड. माझी चाल, मग प्रतिस्पर्ध्याची, मग माझी. टोकाच्या स्थितींना गुण द्यायचे आणि ते मागे आणत यायचे. माझ्या पाळीला सर्वांत मोठा आकडा उचलायचा, त्याच्या पाळीला माझ्या दृष्टीने सर्वांत लहान, कारण तोही डोळे मिटून खेळणार नाही. एखाद्या चालीला एकच जबरदस्त उत्तर सापडलं की तिची बाकीची उत्तरं तपासायचीच नाहीत, ती फांदी तिथेच छाटायची. अशा छाटणीमुळे यंत्र तेवढ्याच वेळात कितीतरी खोल जातं. शेवटी मुळाशी एक आकडा उरतो. उदाहरणार्थ, अधिक ३,०००.

हा आकडा प्रेक्षकांना कळत नाही, म्हणून त्याचे टक्के करतात. रूढ सूत्रात गुणांना ६०० ने भागतात आणि एका एस आकाराच्या वक्रावर बसवतात. 'पोनान्झा' या प्रोग्रॅमच्या काळापासून ६०० हाच आकडा रुळला. २०१७ मध्ये तेव्हाचा मेइजिन (हाही त्या आठ किताबांपैकी एक) सातो अमाहिकोला हरवणारा पोनान्झा तो हाच. सूत्राने शून्य गुणांचे ५० टक्के होतात, ६०० चे ७३, १,२०० चे ८८, १,८०० चे ९५ आणि ३,००० चे ९९. वरच्या टोकाला वक्र इतका सपाट होतो की ३,००० आणि ६,००० यांत पडद्यावर फरकच दिसत नाही.

क्रिकेटच्या प्रक्षेपणात जिंकण्याचे टक्के दाखवतात, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे आधी झालेल्या सामन्यांच्या आकडेवारीचा आधार असतो, म्हणजे माणसांच्या चुकाही त्यात आपोआप धरलेल्या असतात. शोगीच्या ९९ मध्ये माणूस नाही. दोन्ही बाजूंनी यंत्राच्या तोडीचा खेळ झाला तर काय होईल, एवढंच तो सांगतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. 'माझ्या पाळीला सर्वांत मोठा आकडा उचलायचा' हे वाक्य पुन्हा वाचा. समजा, एका स्थितीत ऐंशी चाली आहेत आणि त्यातल्या साठ चालींनी मी अधिक ३,००० वर राहतो. दुसऱ्या स्थितीत एकच चाल अधिक ३,००० देते आणि उरलेल्या एकोणऐंशी मला उणे १,२०० वर नेतात. दोन्हीकडे सर्वांत मोठा आकडा तोच, म्हणून पडद्यावर दोन्हीकडे ९९ टक्के. पण दुसऱ्या स्थितीत ती एक चाल चुकली की मी १२ टक्क्यांवर. सह्याद्रीतल्या एखाद्या धारेवरून चालताना उंची मोजणारं यंत्र जवळ असावं आणि वाटेची रुंदी कोणी सांगू नये, तसा हा आकडा आहे.

आणि अशी अरुंद जागा एकदाच येते असं नाही. समजा, लागोपाठ पाच वेळा एकमेव चाल शोधायची आहे आणि खेळाडू इतका तयारीचा आहे की प्रत्येक वेळी ती सापडण्याची शक्यता ९० टक्के. तर पाचही सापडण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ५९ टक्के. पडद्यावर ९९, पटावर ५९. शाळेतलं गणित आहे, पण टक्क्यांचा आकडा समोर झळकत असताना ते कोणाला आठवत नाही.

त्यात घड्याळ. ओझाच्या डावात प्रत्येकाला पाच तास मिळतात. ते संपले की दर चालीला एक मिनिट. बाजूला बसलेला नोंदकर्ता सेकंद मोठ्याने वाचतो. तीस, चाळीस, पन्नास, आणि मग एक, दोन, तीन. दहा ऐकू यायच्या आत मोहरा घरात पडला पाहिजे. दिवसभर चाललेल्या डावाच्या शेवटी दोघेही असे मिनिटावर खेळत होते. १२२ व्या चालीला फुजीईने रजत-सरदार ५-५ या घरात आणला, म्हणजे उजवीकडून पाचवा स्तंभ, वरून पाचवी ओळ. यंत्राच्या हिशोबाने नागासे अजूनही जिंकत होता. त्यासाठी सुवर्ण-सरदार ४-२ वर हवा होता. नागासेने १२३ वी चाल म्हणून बढती मिळालेला उंट (शोगीत उंटालाही बढती मिळून त्याची ताकद वाढते) ५-३ वर नेला. माणसाच्या डोळ्याला ही चालही जोरदार दिसते, बलाढ्य मोहरा राजाच्या अंगावर चालून जातो. पण फुजीईचा राजा २-२ वर सरकला, आणि तिथे त्याला पकडता येत नव्हतं. टक्के एका चालीत उलटले. नागासेला ते लगेच कळलं. त्याने दोन्ही हातांनी केस विस्कटले, कपाळाला हात लावला. हे दृश्य जपानभर दाखवलं गेलं.

पडद्यावरचा आकडा त्याला दिसत नव्हता, हेही लक्षात घ्या. त्याच्यापुढे होते फक्त मोहरे आणि वाचले जाणारे सेकंद. आणि फुजीईची रजत-चाल मला या डावातली सर्वांत थोर चाल वाटते, ती याच हिशोबाने. यंत्राच्या दृष्टीने हरलेला माणूस काहीही खेळला तरी हरलेलाच, सगळ्या चाली सारख्याच वाईट. माणसाच्या दृष्टीने मात्र त्या सारख्या नसतात. ज्या चालीनंतर प्रतिस्पर्ध्यापुढे मोहक रस्ते अनेक आणि बरोबर रस्ता एकच उरतो, ती चाल शोधणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. आजचा टक्क्यांचा आकडा त्याला शून्य श्रेय देतो. ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांसोबत सराव करत आली आहेत. एकमेकांची नजर कुठे जाते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. 'एआयने ९९ टक्के सांगितलंय' हे वाक्य आता आपल्याकडे शेअरबाजाराच्या टिपा विकणारे, परीक्षेच्या निकालाचे अंदाज बांधणारे आणि चक्क पत्रिका जुळवणारेही वापरू लागले आहेत. शोगीच्या आकड्यामागे निदान पूर्ण माहिती आहे. पटावर काही लपलेलं नाही, नियम ठरलेले आहेत, सूत्र कोणीही तपासू शकतं. तिथेही हा आकडा भविष्य सांगत नाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांच्या टक्क्यांवर पैसे लावणं म्हणजे पोपटाने काढलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणं.

मग तो आकडा वाचायचा कसा? कुठल्याही शोगी किंवा बुद्धिबळ प्रोग्रॅममध्ये एकाऐवजी पहिल्या चार-पाच चाली गुणांसह दाखवायची सोय असते. ती चालू करा आणि वरच्या आकड्याकडे न बघता पहिल्या आणि दुसऱ्या चालीतलं अंतर बघा. अंतर कमी असेल तर खेळाडूला श्वास घ्यायला जागा आहे. अंतर प्रचंड असेल, आणि पुढच्या दोन-तीन चालींतही तसंच राहत असेल, तर ९९ असो की ९५, डाव खुला आहे असंच धरा. त्यापुढे जाऊन प्रोग्रॅमला कमी खोलीवर चालवून पाहा. एकमेव चाल त्याला उथळ शोधात दिसते की फार खोल गेल्यावरच सापडते, यावरून ती माणसाला मिनिटभरात दिसेल का याचा बराच अंदाज येतो.