ज्या आकड्यांना मुद्दाम अर्थ दिलेला नाही

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला तेव्हा मी झिजलेला वायसर खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर ठेवून म्हटलं, असाच द्या. आपण सगळे हेच करतो, कारण त्याचं नेमकं नाव आणि माप कुणाला माहीत असतं? पण समजा दुकान समुद्रापलीकडे आहे, तिथे लाखो पार्ट पडलेत आणि नमुना दाखवायची सोयच नाही, मग?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची अशीच पंचाईत झाली. आर्मीचं नाव वेगळं, नेव्हीचं वेगळं, नंबरही आपापले, त्यामुळे एका डेपोत तोच पार्ट पडून आणि दुसरीकडे त्याच्यासाठी काम अडलेलं. 1945 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सगळ्या सरकारसाठी एकच कॅटलॉग करा असं पत्र लिहिलं, 1952 मध्ये कायदा झाला, पुढे नाटो देशांनीही (अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची लष्करी आघाडी) हीच पद्धत उचलली. आधी प्रत्येक वस्तूला 11 आकडी नंबर होता, 1974 मध्ये त्यात देशाचे दोन आकडे घातले आणि तो 13 आकडी झाला, त्यालाच नाटो स्टॉक नंबर म्हणतात.

आता एक नंबर जवळून बघूया: 7520-00-935-7135. हे अमेरिकेच्या सरकारी ऑफिसांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं काळ्या शाईचं साधं टिकटिक पेन. 75 म्हणजे ऑफिसचं सामान, 7520 म्हणजे त्यातला एक पोटवर्ग, 00 म्हणजे अमेरिका (त्यांच्या नंतरच्या नोंदींना 01 मिळालं). आणि 935-7135? त्याचा अर्थ काहीच नाही, आणि मला या सगळ्या पद्धतीत हीच गोष्ट सगळ्यात हुशारीची वाटते.

कारण आपला पहिला मोह असतो की नंबरातच सगळं कोंबायचं, रंग, लांबी, धातू, कंपनी. मग उद्या नवा धातू येतो, कंपनी बंद पडते, रंगांसाठी एकच आकडा ठेवलेला असतो आणि रंग अकरा होतात, की सगळी रचना कोसळली. म्हणून नंबर कोरा ठेवायचा आणि माहिती त्याच्यामागच्या नोंदीत लिहायची, लांबी किती, आटे कसे, धातू कुठला, कोणकोणत्या कंपन्या बनवतात, त्यांचे स्वतःचे पार्ट नंबर काय. एखादी वस्तू उद्या दुसऱ्या वर्गात टाकली तर पहिले चार आकडे बदलू शकतात, पण शेवटचे नऊ तेच राहतात.

म्हणजे नंबर कंपनीला नाही, गरजेला मिळतो. आकार, बसणं आणि काम तिन्ही जुळलं तर तीन कंपन्यांचे बोल्ट एकाच नंबराखाली येतात, एकाकडचे संपले तर दुसऱ्याकडचे बिनधास्त लावा. उलट, दिसायला अगदी जुळे पण ताकद वेगळी असे दोन बोल्ट असतील तर त्यांचे नंबर वेगळेच हवेत. माझा नवा वायसर हुबेहूब जुन्यासारखा दिसत होता, फक्त कणभर जाड निघाला आणि नळ रात्रभर टपकला. माझं एक बादली पाणी गेलं, पण हेलिकॉप्टरच्या रोटरमध्ये अशी चूक झाली तर माणसं जातात.

आज नाटोत नसलेले कितीतरी देशही ही पद्धत वापरतात, त्यात आपणही आहोत. भारताचा आकडा 72. संरक्षण उत्पादन विभागाचं मानकीकरण संचालनालय हे काम बघतं आणि त्याचा एक कक्ष आपल्या पुण्यातही आहे. नंबरात 72 दिसलं म्हणजे वस्तू भारतात बनली असं मात्र समजू नका, तिची पहिली नोंद भारताने केली एवढंच ते सांगतं.