फळ्यावरची तारीख : कोल्हापूरच्या दिनविशेषामागचा इतिहास

आमच्या तालमीच्या कोपऱ्यावर एक काळा फळा आहे. वर्षातले निम्मे दिवस त्यावर कुणाच्या तरी रक्षाविसर्जनाची वेळ नाहीतर फुटबॉलच्या सामन्याचा निकाल असतो. उरलेल्या दिवसांत 'आजचा दिनविशेष'. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं ते अक्षर बरं म्हणून, आणि घरात आजोबांची जुनी पुस्तकं होती म्हणून. पहिल्याच पावसाळ्यात 26 जुलैला मी खडूनं ठसठशीत लिहिलं, 'राजर्षी शाहू महाराज जयंती'. दुधाचे कॅन लावून निघालेल्या एका मामांनी सायकल थांबवली.

"का रं, जयंती गेल्या म्हैन्यात झाली न्हवं? मिरवणुकीत तूच झेंडा घिऊन फुडं हुतास की!"

होतो खरा. पण आजोबांच्या पुस्तकात 26 जुलै 1874 असंच छापलेलं होतं. पुस्तकाची चूक म्हणावी तर एका पुस्तकाची नव्हती. कित्येक वर्षं महाराजांचा जन्मदिवस 26 जुलै असाच धरला जायचा, जयंतीही त्याच दिवशी व्हायची. पुढे अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली आणि 26 जून ही तारीख रूढ झाली. आज तोच दिवस राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. एका महिन्याचा फरक, पण त्यात किती कोल्हापूरकरांनी किती वर्षं चुकीच्या दिवशी पेढे वाटले असतील!

मी 'जयंती' पुसली, पण फळा रिकामा ठेवावा लागला नाही, कारण 26 जुलैला लिहिण्यासारखं दुसरं होतंच, आणि ते जयंतीपेक्षा तसूभरही कमी नाही. 26 जुलै 1902 चा, करवीर सरकारच्या गॅझेटातला हुकूम. संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्यायच्या. मागासलेले कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. भाषणात हा हुकूम इथंच संपतो. माझं लक्ष मात्र त्याच्या शेपटाकडे जातं: खातेप्रमुखांनी हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक दर तीन महिन्यांनी सादर करावं. हुकूम काढणाऱ्याला कचेरीचा स्वभाव पक्का ठाऊक होता. नुसता हुकूम कपाटात जातो. तिमाही पत्रक मागितलं की कारकुनाला हिशेब ठेवावाच लागतो.

आणि त्या दिवशी महाराज कोल्हापुरात नव्हतेच, विलायतेत होते. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरला होता 26 जून 1902 ला. ऐन वेळी राजा पोटाच्या दुखण्यानं आजारी पडला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ 9 ऑगस्टवर गेला. म्हणजे लंडन राजाच्या बरं होण्याची वाट बघत होतं, त्या दिवसांत इकडे करवीरच्या गॅझेटात हा मजकूर छापला जात होता. 26 तारखेचा हा सगळा गुंता लक्षात आल्यापासून मी खडू हातात घेण्याआधी दोनदा बघतो.

तारखेचं हे कोडं काही एकट्या शाहूकाळाचं नाही. मागं जावं तसं ते वाढतं. पन्हाळ्याचंच बघा. मार्च 1660 पासून सिद्दी जौहरचा वेढा, आणि 12 जुलैच्या रात्री शिवाजी महाराज गडावरून निसटले. ती आषाढी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणारी पोरं आजही याच दिवसांच्या आसपास निघतात. मात्र ही 12 जुलै इंग्रजी जुन्या पंचांगाची आहे. आज आपण भिंतीवर लावतो त्या कॅलेंडरनं मोजलं तर ती 22 जुलै येते, कारण सतराव्या शतकात दोन पंचांगांत दहा दिवसांचं अंतर होतं. शिवजयंतीची 19 फेब्रुवारी 1630 तशीच. नव्या कॅलेंडरात ती 1 मार्च. त्यामुळे तिथीवाले आणि तारीखवाले भांडतात तेव्हा तारीखवाल्यांच्या तारखेतही दोन पोटभेद आहेत, हे सहसा कुणी बोलत नाही. बोललं तर तिसरी जयंती सुरू होईल, ही भीती मलाही आहे.

ज्यांनी त्या काळी प्रत्यक्ष कागद लिहिले त्यांना जुलैही ठाऊक नव्हता. मोडी पत्राच्या माथ्यावर शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. 'इहिदे सितैन अलफ' म्हणजे एक, साठ आणि हजार : 1061. त्यात 599 मिळवले की 1660 येतं. पण हे साल मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून ज्याला शेतकरी मृगसाल म्हणतो ते हेच. पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतचे महिने 600 मिळवून 1661 मध्ये मोजायचे. दिवस मुसलमानी महिन्याचा, आणि त्याच्या आधी 'छ' हे अक्षर, म्हणजे चंद्र. पेरणीबरोबर फिरणारं साल, चंद्राबरोबर फिरणारा महिना. असल्या कागदातून आपण फळ्यासाठी एक इंग्रजी तारीख उपटून काढतो. ती काढताना मुळं थोडी तुटणारच.

कोल्हापूरच्या गादीचा दिनविशेष म्हणाल तर 13 एप्रिल 1731, वारणेचा तह. सातारा आणि कोल्हापूर ही घराण्याची दोन राज्यं त्या तहानं कायमची वेगळी झाली. पुढची शंभर वर्षं फळ्याला फारसं खाद्य देत नाहीत; लढाया, दत्तकविधानं, मृत्यू, पुन्हा लढाया. 1844 ला गडकऱ्यांचं बंड झालं. सामानगडापासून पेटलं, पन्हाळ्यापर्यंत गेलं, आणि इंग्रजांनी ते मोडून कारभारावर हात ठेवला. 31 जुलै 1857 ला इथल्या 27 व्या पलटणीतले शिपाई उठले, डिसेंबरात पुन्हा उठाव झाला, राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं आणि 1869 मध्ये ते तिथंच वारले.

मात्र एका माणसाचा अगदी रोजचा दिवस आपल्याला मिळतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, वय वर्षं 20. 1870 मध्ये ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि रोजनिशी ठेवली. आज कुठं गेलो, कुणाला भेटलो, काय पाहिलं. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला गेले. परक्या मुलखात, तेही इटलीत, चितेला परवानगी मिळवणं सोपं नव्हतं. ती मिळाली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. संगमावरच. बरोबरच्या माणसांनी जागा शोधली असणार ती आपल्या प्रयाग चिखलीच्या संगमासारखी, असं मला नेहमी वाटतं. तिथं आज छत्री आहे, आणि जवळच्या पुलालाही त्या 'हिंदी' माणसावरूनच नाव आहे. रोजनिशी 1872 मध्ये इंग्रजीत छापून निघाली. कोल्हापूरचा दिवसागणिक इतिहास असा विलायतेच्या हॉटेलांतून लिहिला गेला, ही गंमत म्हणावी की दुसरं काही, तुम्हीच ठरवा.

त्यांच्यानंतरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा शेवट तर आणखी वाईट : 25 डिसेंबर 1883, अहमदनगरच्या किल्ल्यात, नजरकैदेत. त्यांची पत्नी आनंदीबाईंनी कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतरावांना 17 मार्च 1884 ला दत्तक घेतलं. तेच शाहू. 2 एप्रिल 1894 ला त्यांच्या हाती अधिकार आले आणि 6 मे 1922 ला मुंबईत ते गेले. ही 28 वर्षं फळा लिहिणाऱ्याला कधीच उपाशी ठेवत नाहीत. याचं एक कारण त्यांचं काम, आणि दुसरं म्हणजे तोवर राज्य कागदावर चालायला लागलं होतं. हुकुमाला तारीख होती, जावक क्रमांक होता.

तरी ज्या घटनांना जावक क्रमांक नाही त्यांचंही वजन कमी नाही. 21 आणि 22 मार्च 1920, माणगाव. कागल जहागिरीतलं गाव, अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय अजून 29 पूर्ण नाही. दुसऱ्या दिवशी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्ही तुमचा पुढारी शोधून काढलात, अशा अर्थाचं बोलले. त्या परिषदेच्या ठरावांत एक असाही होता की महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा. जयंतीची तारीख चुकली म्हणून सायकल थांबवणाऱ्या मामांच्या रागाला एवढी जुनी मुळं आहेत.

संस्थान संपलं 1 मार्च 1949 ला. त्या दिवशी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं. आजोबा सांगायचे, सकाळी उठलो तेव्हा वेशीही तिथंच होत्या आणि भाजीचा भावही तोच. पण त्यानंतर पावणेदोन वर्षांतच, 9 डिसेंबर 1950 ला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकारानं बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. राजा गेल्यावर गाव चौकात कुणाला उभं करतं, ते त्या तारखेला कळलं.

काही दिवस मात्र कुणीच ठरवलेले नाहीत. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारी. देवी पश्चिमाभिमुख, मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि आधी पाय, मग कंबर, मग मुखापर्यंत चढतं. मध्ये एखादी नवी इमारत किंवा धूळ आली की हुकतं. आपले बहुतेक सण तिथीवर, हा इंग्रजी तारखेवर कसा, असं मला एका पोरानं विचारलं होतं. उत्तर सोपं आहे. तिथी चंद्राची, किरणं सूर्याची. डिसेंबरातल्या अयनदिनाच्या अलीकडे एक्केचाळीस-बेचाळीस दिवस आणि पलीकडे तेवढेच मोजा, दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यानं देऊळ बांधलं त्यानं ते मोजलं होतं.

आणि काही तारखा आमच्या डोळ्यांदेखत फळ्यावर चढल्या. गायक नट केशवराव भोसल्यांचा जन्म 9 ऑगस्ट 1890. शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून 1915 मध्ये बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचं नाव मिळालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मी दुसऱ्या दिवशीसाठी 'संगीतसूर्य केशवराव भोसले जयंती' लिहून घरी आलो, आणि तासा-दोन तासांत फोन वाजायला लागले. नाट्यगृह पेटलं होतं. सकाळी गेलो तर फळ्यावर माझी ओळ तशीच होती आणि खाली कुणीतरी दुसऱ्याच अक्षरात फक्त 'काल' एवढंच लिहिलं होतं.

पावसाळ्यात मात्र दिनविशेष हरतो. जुलै उजाडला की लोकांना 1660 ही नको असतं आणि 1902 ही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती, एवढंच विचारतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, 2021 ला पुन्हा. त्या 2021 च्या 26 जुलैला पाणी उतरत होतं, पण धोक्याच्या खुणेच्या वरच होतं. मी फळ्याशी गेलो, 'आरक्षणाचा हुकूम, 1902' असं लिहायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. सायकल नव्हती, गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"त्ये ऱ्हाऊ दे. फूट लिव्ह."

मी पुसलं आणि फूट-इंच लिहिले.